पीठासीन अधिकाऱ्याचे आसन : विनयातील संकेत, संसदेतील इतिहास आणि आमचा किनारा

मालवण किनाऱ्यावरील कोणत्याही ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेची नोटीस वाचावी. विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ बहुधा असतेच : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ बौद्धवाडीच्या पायवाटेचा, विहिरीचा, स्मशानभूमीच्या जागेचा अर्ज पुष्कळदा याच ओळीत येऊन बसतो. तोवर ऊन कलते आणि शाळेच्या पडवीतली माणसे उठू लागतात. मग तो विषय घ्यायचा की पुढच्या सभेवर ढकलायचा, हे एकाच व्यक्तीच्या हाती असते. ती व्यक्ती म्हणजे सभेची पीठासीन अधिकारी. दिल्लीच्या लोकसभेत अध्यक्ष, मुंबईच्या विधान परिषदेत सभापती, गावात सरपंच. पदनाम बदलते, प्रश्न तोच राहतो. सभेत ज्याच्यामागे संख्या नाही, त्याला बोलू द्यायचे की नाही?

या आसनाचा इतिहास आपल्या वाचकांना दोन कारणांनी जवळचा आहे. पहिले म्हणजे, सभा चालविण्याचे नियम या देशाला परके नव्हते, हे प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिनांक २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले आणि पुरावा म्हणून भगवान बुद्धांच्या भिक्खुसंघाकडे बोट दाखविले. आसनव्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतगणना, शलाकांनी मतदान ही सारी संघाला ठाऊक होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसरे कारण असे की, स्वतः बाबासाहेबांचा या आसनाशी अनेकदा सामना झाला आणि त्यातील पहिला मोठा प्रसंग आमच्या कोकणच्या प्रश्नावरचा होता. प्रस्तुत लेखात आम्ही हे दोन्ही धागे एकत्र पाहणार आहोत.

मानाचे आसन आणि संघाचे आसन

सिंधुदुर्गातील जुन्या गावऱ्हाटीत बारा-पाच मानकऱ्यांची बैठक देवळात किंवा मांडावर बसे. कोणी कोठे बसायचे, नारळ आधी कोणाच्या हाती द्यायचा, कोणाचा शब्द अखेरचा, हे सारे जन्माने ठरलेले असे. महारांच्या वाट्यालाही ‘मान’ होता. पण तो कष्टाचा आणि बैठकीबाहेर उभे राहण्याचा. अशा सभेत पीठासीन अधिकारी निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण आसन आधीच वंशाला बांधलेले असते.

चुल्लवग्गात याच्या नेमकी उलट कथा आहे. तथागतांनी भिक्खूंना विचारले की, उत्तम आसन, उत्तम पाणी आणि उत्तम भिक्षा यांवर पहिला अधिकार कोणाचा? कोणी म्हणाले, क्षत्रिय कुळातून प्रव्रजित झालेल्याचा. कोणी म्हणाले, ब्राह्मण कुळातून आलेल्याचा. तथागतांनी ही उत्तरे नाकारली आणि उपसंपदेच्या ज्येष्ठतेनुसार मान द्यावा, असा नियम घालून दिला. शाक्य कुमारांनी आपल्या आधी उपाली नाभिकाला प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली, तिचे मर्म हेच. उपाली ज्येष्ठ ठरला म्हणजे शाक्यांना त्याला वंदन करावे लागणार आणि कुळाचा अभिमान गळून पडणार. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यपांनी संघापुढे रीतसर ज्ञप्ती, म्हणजे प्रस्ताव, मांडून संमती घेतली आणि विनयाचे प्रश्न विचारले ते याच उपालीला. अध्यक्षस्थानी असलेल्या थेरानेही संघाला विचारल्यावाचून प्रश्न विचारला नाही, ही बाब वाचकांनी ध्यानात घ्यावी.

वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत वाद विकोपास गेला, तेव्हा पूर्वेचे चार आणि पश्चिमेचे चार अशा आठ भिक्खूंची समिती नेमण्यात आली. आसनांची व्यवस्था पाहण्यासाठी अजित नावाच्या भिक्खूची नियुक्ती झाली. त्याच्या उपसंपदेला अवघी दहा वर्षे झाली होती. म्हणजे थेरांच्या त्या सभेत आसने मांडण्याचे काम एका तरुणाकडे आले. आणि तेही कुळामुळे नव्हे, संघाच्या संमतीने.

शलाकाग्राहापकाचे पाच गुण

मतभेद मिटला नाही तर शलाका, म्हणजे मतदानाच्या काड्या, वाटल्या जात. त्या वाटणारा आणि गोळा करणारा तो शलाकाग्राहापक. आजच्या भाषेत पीठासीन अधिकारी आणि मतमोजणी अधिकारी यांची कामे त्याच्या ठायी एकवटली होती. विनयाने त्याच्यासाठी पाच अटी घातल्या : तो छंदाने, म्हणजे आवडीने, वाहवत जाऊ नये, द्वेषाने जाऊ नये, मोहाने जाऊ नये, भयाने जाऊ नये, आणि कोणाची शलाका घेतली व कोणाची घ्यायची राहिली, हे त्याला ठाऊक असावे. पहिले चार गुण शीलाचे आहेत, पाचवा कामकाजाच्या ज्ञानाचा. केवळ सज्जन असून भागत नाही, काम यावे लागते. आणि केवळ काम येऊन भागत नाही, मन समतोल असावे लागते.

आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री आणि न्यायाधीश यांच्या शपथा दिल्या आहेत. भय, पक्षपात, ममत्व आणि आकस यांपासून दूर राहण्याचे वचन त्यांत आहे. विनयातील चार अगतींशी हे शब्द किती जुळतात! हे केवळ साम्य आहे, त्यावरून वंशावळ सिद्ध होत नाही. त्या शपथेची शब्दकळा इंग्रजी परंपरेतून आली आहे. मात्र एक गोष्ट विचार करायला लावते. लोकसभेच्या अध्यक्षाला अध्यक्ष म्हणून अशी कोणतीही वेगळी शपथ नाही. तो सभासद म्हणून शपथ घेतो आणि निवडून आल्यावर आसनावर बसतो. म्हणजे संघाने ज्या पदाकडून नि:पक्षपाताची अट स्पष्ट शब्दांत मागितली, त्या पदाच्या बाबतीत आपण ती संकेतांवर सोडली.

येथे एक अवघड गोष्टही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गुप्त शलाका-मतदानात अधर्मवादी अधिक भरले, तर मतदान नीट झाले नाही असे म्हणून ते रद्द करावे, अशी मुभा चुल्लवग्गात शलाकाग्राहापकाला आहे. संघाचे प्रयोजन धम्माचे रक्षण हे होते. तेथे केवळ संख्या अंतिम नव्हती. ही मुभा आजच्या पीठासीन अधिकाऱ्याला दिली तर लोकशाही एका माणसाच्या मर्जीवर जाईल. बाबासाहेबांनी संघाच्या कार्यपद्धतीचा गौरव केला. परंतु बहुमताला आवर घालण्याचे काम अध्यक्षावर न सोपविता मूलभूत हक्क आणि न्यायालय यांच्याकडे दिले. संघाच्या परंपरेचा अभिमान बाळगताना हा भेद विसरता कामा नये.

खोती, खेर, मावळणकर आणि बाबासाहेब

१९३७ साली मुंबई प्रांताच्या नव्या विधानसभेत एक विलक्षण योग जुळून आला. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीपासून वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्या काळी मालवण, देवगड, वेंगुर्ले हे सारे रत्नागिरी जिल्ह्यातच होते. या जिल्ह्याशी नाते असलेली तीन माणसे त्या सभागृहात तीन जागी बसली होती. पंतप्रधानपदी (प्रांताच्या मुख्य मंत्र्याला तेव्हा असेच म्हणत) बाळ गंगाधर खेर. त्यांचा जन्म रत्नागिरीचा. अध्यक्षपदी गणेश वासुदेव मावळणकर. त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वर तालुक्यातील मावळंग्याचे, काही शिक्षण राजापूरचे आणि कर्मभूमी अहमदाबाद. तिसरे, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते, मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते बाबासाहेब.

दिनांक १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोत हा सरकार आणि कूळ यांच्यामधला मध्यस्थ. सारा सरकारात भरताना कुळाकडून तो किती वसूल करी आणि कोणकोणती वेठ घेई, याच्या कहाण्या आजही कोकणातल्या घराघरांत सांगितल्या जातात. खोताला वाजवी मोबदला द्यावा आणि जमीन कसणाऱ्याचा सरकारशी थेट संबंध जोडावा, असा त्या विधेयकाचा आशय होता. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. तरीही विधेयकाचा कायदा झाला नाही. खोती गेली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन कायद्याने, स्वराज्यानंतर.

याच १९३८ च्या जानेवारीत स्थानिक मंडळांच्या कायद्यात ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचा प्रश्न आला. भाऊराव गायकवाड आणि बाबासाहेब यांनी ज्यांना तो शब्द लावायचा त्यांच्या वतीने विरोध केला. चर्चा झाली, मते पडली, बहुमताने शब्द राहिला. आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद निषेध म्हणून सभागृहाबाहेर पडले. पीठासीन अधिकाऱ्याच्या अधिकाराची मर्यादा या प्रसंगात स्पष्ट दिसते. अध्यक्ष अल्पमताला बोलण्याची संधी देऊ शकतो. अल्पमताचे म्हणणे बहुमताच्या गळी उतरविणे त्याच्या हाती नसते. पण ती संधीही नसती, तर त्या दिवशीचा विरोध कामकाजाच्या नोंदीतसुद्धा आला नसता आणि आज आपल्याला तो सांगता आला नसता.

१९५१ : राजीनाम्याचे निवेदन

दुसरा प्रसंग अधिक जिव्हारी लागणारा आहे. हिंदू कोड बिल रखडले आणि इतरही कारणे साचली, तेव्हा बाबासाहेबांनी २७ सप्टेंबर १९५१ रोजी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पायउतार होणाऱ्या मंत्र्याने सभागृहात निवेदन करावे, हा संसदीय संकेत. ऑक्टोबरमध्ये ते निवेदनासाठी उभे राहण्याच्या तयारीत असताना आसनावर उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार होते. निवेदनाची प्रत आधी पाहावयास मिळावी, अशी त्यांची भूमिका होती. बाबासाहेबांना हे पूर्वनियंत्रण वाटले. ते सभागृह सोडून निघाले आणि निवेदन वृत्तपत्रांकडे दिले. संविधानाच्या शिल्पकाराला त्याच संविधानाखाली भरलेल्या संसदेत राजीनाम्याची कारणे सांगता आली नाहीत.

या प्रसंगाकडे आम्ही दोन बाजूंनी पाहतो. पुढे लोकसभेच्या नियमांत, मंत्रिपद सोडणाऱ्या सभासदाने निवेदनाची प्रत एक दिवस आधी अध्यक्षाकडे आणि सभागृहनेत्याकडे द्यावी, अशी तरतूद झाली. म्हणजे अय्यंगारांची अपेक्षा नियमात रुजली. तेव्हा ती व्यक्तिगत आकसातून आली होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. परंतु एक प्रश्न उरतोच. पाचव्या गुणाची, म्हणजे कोणाची शलाका घ्यायची राहिली याच्या भानाची, कसोटी येथे लावली तर काय दिसते? त्या दिवशी सभागृहातील सर्वांत महत्त्वाची एक शलाका न घेताच राहिली. कामकाजाची शिस्त पाळली गेली असेल; पण जे ऐकण्यासाठी ती शिस्त असते, ते ऐकलेच गेले नाही.

आसनाची स्वतंत्रता : एक अपुरे काम

भारतीय पीठासीन अधिकाऱ्याच्या स्वतंत्रतेचा पाया विठ्ठलभाई पटेलांनी घातला. १९२५ साली ते मध्यवर्ती विधानसभेचे पहिले निर्वाचित अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांनी स्वराज्य पक्षाशी संबंध सोडला. सभागृहाचे सचिवालय सरकारपासून वेगळे असावे, हा त्यांचा आग्रह १९२९ मध्ये फळाला आला. त्यांच्या मागून आलेल्या मावळणकरांनी पक्षाचे सभासदत्व सोडले नाही. पक्षाच्या वादांत न पडण्याचा संकेत मात्र पाळला. १९५२ साली पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदासाठी त्यांच्यासमोर शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे उभे होते. मावळणकरांना ३९४ मते मिळाली, विरोधात ५५. १९५४ मध्ये त्यांच्याविरुद्ध पदच्युतीचा प्रस्ताव आला आणि फेटाळला गेला. असा प्रस्ताव चर्चेत असताना अध्यक्षाने स्वतः आसनावर बसू नये, असे कलम ९६ सांगते. आपल्याच खटल्यात न्यायाधीश होऊ नये, हा साधा न्याय त्यामागे आहे. १९६७ साली नीलम संजीव रेड्डी यांनी अध्यक्ष होताच पक्ष सोडला. पण तो पायंडा पडला नाही. २००८ साली सोमनाथ चटर्जी यांनी पक्षाच्या सांगण्यावरून अध्यक्षपद सोडण्यास नकार दिला आणि पक्षाने त्यांनाच काढून टाकले. आसन पक्षापेक्षा मोठे मानणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, हा त्याचा अर्थ.

आमच्या किनाऱ्याने या आसनासमोर बसणारी माणसे दिल्लीला पाठविली. वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै १९५७ पासून १९७१ मधील निधनापर्यंत आणि त्यानंतर प्रा. मधु दंडवते १९९१ पर्यंत राजापूर मतदारसंघाचे खासदार होते. दोघांचाही बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. नाथ पैंनी १९६७ साली संसदेच्या संविधान-दुरुस्तीच्या अधिकाराविषयी खाजगी विधेयक मांडले. लहान पक्षाच्या एका सभासदाचे ते विधेयक सभागृहाने चर्चेला घेतले आणि त्यावर देशभर वाद झाला. त्यातील भूमिकेशी कोणी सहमत असो वा नसो. संख्या नसलेल्या सभासदाला एवढा मोठा प्रश्न सभागृहापुढे ठेवता आला, हे आसनाच्या उपयुक्ततेचे उदाहरण आहे.

आपल्या चळवळीतील माणूसही या आसनावर बसला. रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई १९६८ पासून महाराष्ट्र विधान परिषदेचे उपसभापती आणि १९७८ मध्ये सभापती झाले. ज्या समाजाला मांडावर उभे राहण्याचीही जागा नव्हती, त्या समाजातील सभापतीला उद्देशून सारे सभागृह बोलू लागले. उपालीच्या कथेचे हे आधुनिक रूप होय.

१९८५ साली दहाव्या अनुसूचीने अध्यक्षावर नवे ओझे टाकले. मूळ संविधानात सभासदाच्या अपात्रतेचा निर्णय राष्ट्रपती किंवा राज्यपाल निवडणूक आयोगाच्या मतानुसार देतात. पक्षांतराच्या बाबतीत मात्र तो निर्णय अध्यक्षाकडे गेला. १९९२ च्या किहोटो होलोहन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ही तरतूद मान्य केली आणि अध्यक्षाचा निर्णय न्यायालयीन तपासणीस पात्र ठरविला. अल्पमतातील दोन न्यायमूर्तींचा आक्षेप असा की, ज्याचे पद सभागृहातील बहुमतावर टिकून आहे त्याला असा निवाडा सोपवू नये. पुढे न्यायालयानेच २०२० साली मणिपूरच्या प्रकरणात स्वतंत्र न्यायाधिकरणाची सूचना केली. ३१ जुलै २०२५ रोजी तेलंगणाच्या प्रकरणात अध्यक्षांना तीन महिन्यांत निर्णय देण्यास सांगून, ही व्यवस्था पुरेशी आहे का याचा विचार संसदेने करावा, असे न्यायालयाने म्हटले. त्या खंडपीठाचे प्रमुख सरन्यायाधीश भूषण गवई होते, सभापती रा. सू. गवई यांचे ते चिरंजीव. १७ व्या लोकसभेत, २०१९ ते २०२४ या काळात, उपाध्यक्षच निवडला गेला नाही, हीदेखील आसनाच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी बाब आहे.

पुन्हा गावाकडे

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि राखीव जागांमुळे आपल्या वाड्यांतील स्त्री-पुरुष सरपंच होऊ लागले. ग्रामसभेचे अध्यक्षस्थान सरपंचाकडे असते. गावऱ्हाटीच्या बैठकीत जो वंश बाहेर उभा होता, त्याच वंशातील एखादी स्त्री आज ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी बसते, हा बदल लहान नाही. पण खुर्ची मिळणे आणि आसन चालविणे यांत अंतर आहे. खुर्चीवर एक बसते आणि विषय कोणी दुसराच पुकारतो, असे चित्र अनेकांनी पाहिले आहे. तसेच आपला माणूस अध्यक्ष झाला म्हणजे आपल्याच वाडीचा विषय आधी घ्यावा, अशी अपेक्षाही आपल्यातून होते. ती छंदाची अगती आहे. ज्या दोषाविरुद्ध आपण लढलो, तो आपल्या हाती आल्यावर गुण ठरत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. विहारांतून धम्मवर्गांबरोबर सभा चालविण्याचे शिक्षण द्यावे. ग्रामसभेची गणसंख्या किती (मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती), सूचक आणि अनुमोदक म्हणजे कोण, इतिवृत्त कसे लिहावे, आपला विषय आयत्या वेळेवर न सोडता मुदतीत लेखी कसा द्यावा, हे प्रत्येक वाडीतील किमान चार-पाच तरुण-तरुणींना यावे. सीमाप्रदेशात भिक्खू थोडे असतात म्हणून तथागतांनी उपसंपदेची गणसंख्या दहावरून पाचावर आणली. आपल्या वाड्याही लहान आहेत. थोड्या माणसांनी नियमाने चालविलेली सभा हेच आपले बळ आहे. मुंबईची मंडळे आणि गावच्या वाड्या यांच्या बैठका आजही ‘अध्यक्षस्थानाची सूचना’ आणि ‘अनुमोदन’ यांनी सुरू होतात. बाबासाहेबांच्या काळच्या परिषदांपासून चालत आलेली ही रीत आहे. ती नुसती रीत राहू नये.

पुढच्या ग्रामसभेत आपल्यापैकी कोणी अध्यक्षस्थानी असेल, तर सभा संपविण्यापूर्वी त्यांनी शलाकाग्राहापकाचा पाचवा गुण आठवावा आणि एकदा सभोवार पाहून विचारावे : कोणाचे बोलणे राहिले आहे काय?